छर्ऱ्याचा वेग मोजा, मग खिशात हात घाला

एअरगनचा नेम चुकू लागला की बहुतेक जण पैसे उलट्या क्रमाने घालवतात. आधी महागडे छर्रे येतात, मग दुर्बीण, मग कुणीतरी सांगतो म्हणून नवी स्प्रिंग किंवा नवे सील. आठ-दहा हजार रुपये गेले तरी छर्रा एकदा वर, एकदा खाली लागतच राहतो. बंदुकीतून तो दर खेपेला किती वेगाने निघतो, हे कुणी मोजलेलेच नसते. हा वेग मोजायला रत्नागिरीत बसून काहीही खर्च न करता सुरुवात करता येते. म्हणून खर्चाची पहिली पायरी मोजणी आणि दुसरी दुरुस्ती, हा क्रम पक्का धरावा.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. ट्यूनिंग म्हणजे बंदूक जास्त जोरात मारू लागणे, हा समज चुकीचा आहे आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचाही. चांगले ट्यूनिंग म्हणजे दहा छर्रे मारले तर दहाही जवळजवळ एकाच वेगाने जाणे. १० मीटरच्या स्पर्धेच्या रायफली सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर एवढ्याच वेगाने छर्रा सोडतात. बाजारातल्या अनेक हौशी बंदुका याहून कितीतरी वेगवान असतात. तरीही १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका वेधला जातो तो या हळू रायफलींनीच, कारण त्यांचा वेग ढळत नाही.

आधी कायद्याचा आकडा

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेली एअरगन परवान्याशिवाय बाळगता येते. यातली एकही मर्यादा ओलांडली तर परवाना लागतो. म्हणजे ५.५ मिलिमीटरची, ज्याला लोक पॉइंट टूटू म्हणतात ती एअरगन, कितीही मवाळ असली तरी परवान्याची आहे.

२० जूल हा आकडा वेगाचा नाही, ऊर्जेचा आहे, आणि ऊर्जा छर्ऱ्याच्या वजनावरही अवलंबून असते. हिशेब सोपा आहे: छर्ऱ्याचे ग्रॅममधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. वेग मीटरमध्ये हवा. फुटांत असेल तर ०.३०४८ ने गुणावे. स्पर्धेचा सपाट तोंडाचा छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो. तो १७० मीटरने गेला तर साडेसात जूलच्या किंचित वर ऊर्जा येते, म्हणजे मर्यादेपासून खूप दूर. हाच छर्रा २७५ मीटरने, म्हणजे सुमारे ९०० फुटांनी निघाला की २० जूलची रेषा गाठली. ०.६७ ग्रॅमचा जड छर्रा असेल तर ती रेषा २४४ मीटरवरच, सुमारे ८०० फुटांवर येते. नुसता वेग पाहून 'माझी बंदूक नियमात बसते' असे म्हणता येत नाही; सोबत छर्ऱ्याचे वजन ठाऊक असले पाहिजे.

यातूनच खरेदीच्या वेळचा एक मोठा गैरसमज सुटतो. खोक्यावर ठळक अक्षरांत १००० फूट छापलेले असते. हा आकडा बहुधा शिसे नसलेल्या, मिश्रधातूच्या हलक्या छर्ऱ्यांवर काढलेला असतो. असा छर्रा ०.३५ ग्रॅमचा धरला तर ऊर्जा होते सव्वासोळा जूल. तेवढ्याच ऊर्जेने ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा २४८ मीटरने, म्हणजे ८१० फुटांच्या आसपास जाईल. बंदूक बिघडलेली नाही आणि दुकानदाराने जुनी माथी मारलेली नाही. अशा वेळी भांडायला जाण्याआधी हा हिशेब करावा. छर्ऱ्याचे वजन धरूनही ऊर्जा निम्मीच भरत असेल, तर मात्र तक्रारीला आधार आहे.

फुकट मोजणी: मोबाइल

घरातला मोबाइल हाच पहिला वेगमापक. बंदुकीचा आवाज आणि छर्रा पत्र्यावर आपटल्याचा आवाज, या दोहोंतले वेळेचे अंतर मोजायचे. त्यासाठी ध्वनिमुद्रणाची लाट दाखवणारे कुठलेही मोफत ॲप किंवा संगणकावरचे ऑडॅसिटी पुरते.

नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंत टेपने नेमके १० मीटर मोजा. मोबाइल बरोबर मध्ये, पण छर्ऱ्याच्या वाटेपासून एखादा मीटर बाजूला, दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर ठेवा. ही जागा महत्त्वाची आहे. मोबाइल बंदुकीजवळ असेल तर लक्ष्यावरचा आवाज माघारी पोहोचायला लागणारा वेळ हिशेबात घुसतो. तीस अंश तापमानात आवाज सेकंदाला जेमतेम ३५० मीटर जातो, तेव्हा ही चूक लहान नसते. मोबाइल मधोमध असला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि फरकात उरतो तो फक्त छर्ऱ्याच्या प्रवासाचा वेळ. हा वेळ ०.०५ सेकंद आला, तर १० भागिले ०.०५, म्हणजे वेग २०० मीटर.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. लाटेवरची खूण लावताना एक मिलिसेकंद चुकला तर २०० मीटरच्या वेगात चार मीटरचा फरक पडतो. म्हणून लाट मोठी करून खूण काळजीपूर्वक लावावी. शिवाय येणारा वेग हा दहा मीटरांतला सरासरी वेग असतो. छर्रा हवेत भराभर मंदावत असल्याने नळीच्या तोंडाशी तो याहून थोडा जास्त असतो. आपल्याच बंदुकीची कालची आणि आजची तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे, पण २० जूलच्या रेषेजवळची बंदूक नियमात बसते की नाही हे हिच्यावर ठरवू नये.

दोनशे रुपयांची मोजणी: शाडूचा लोलक

अकरावीच्या मुलांना संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवला जातो. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' या ग्रंथात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी लटकता ठोकळा वापरला, तो याच नियमाच्या जोरावर. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा मागे झुलतो, आणि झोका किती गेला त्यावरून वेग निघतो. एअरगनसाठी ही रीत आजही चालते.

गणपतीसाठी आणलेली शाडू माती कोकणात घरोघरी उरलेली असते. सात सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या डब्यात ती ओली, मऊसर आणि निदान सात सेंटिमीटर खोल भरा. डबा आडवा, तोंड बंदुकीकडे करून, चार दोऱ्यांनी टांगा: दोन पुढे, दोन मागे. दोनच दोऱ्या असल्या तर डबा गिरकी घेतो आणि आकडा बिघडतो. दोऱ्यांची उंची बरोबर एक मीटर ठेवा. डब्याच्या मागे पट्टी आणि तिच्यावर सरकणारा हलका कागदी तुकडा ठेवला की झोका जिथवर गेला तिथे तो तुकडा थांबतो.

मातीसकट डबा ५०० ग्रॅमचा, छर्रा ०.५३ ग्रॅमचा आणि झोका ५.७५ सेंटिमीटरचा असेल, तर ५०० ला ०.५३ ने भागा, त्याला ०.०५७५ ने आणि मग ३.१३ ने गुणा. उत्तर येते १७० मीटर. ३.१३ हा आकडा गुरुत्व त्वरणाचे वर्गमूळ आहे आणि दोरी एक मीटर असेल तरच तो चालतो. पट्टी वाचताना एक मिलिमीटर चुकला तर तीन मीटरचा फरक पडतो. पाच वेळा मारून सरासरी घ्या.

काही काळज्या आवश्यक आहेत. छर्रा मातीत रुतलाच पाहिजे. तो उसळून परत आला तर डब्याला जास्त धक्का बसतो आणि वेग फुगलेला दिसतो. नळीतून बाहेर पडणारी हवाही डब्याला ढकलते. बंदूक दीड-दोन मीटर मागे ठेवा आणि मध्ये छर्ऱ्यापुरते भोक पाडलेला पुठ्ठा उभा करा. माती सुकली की वजन घटते, म्हणून दर वेळी डबा पुन्हा तोला. माती, दोरी आणि पट्टी मिळून खर्च दोनशे रुपयांच्या वर जाऊ नये.

छर्ऱ्याचे वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा पाचशे ते आठशे रुपयांत येतो. त्यावर एकेक छर्रा तोलण्याऐवजी वीस एकदम तोलून वीसने भागावे. ओळखीच्या सराफाकडे ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा असतो. त्याच्याकडे एकेक छर्रा तोलून पाहिला तर स्वस्त डबीतल्या छर्ऱ्यांत वजनाचा किती फरक असतो हे डोळ्यांनी दिसते. दोन टक्के वजन इकडेतिकडे झाले तरी वेग हलतो. ज्याला बंदुकीचा दोष म्हणून पाहिले, तो पुष्कळदा डबीतला असतो.

क्रोनोग्राफ घ्यायचा तर

नेमबाज ज्याला नुसते 'क्रोनो' म्हणतात ते वेग मोजण्याचे यंत्र तीन जातींचे. पहिली जात नळीच्या तोंडाला बसणारी: छोटी पेटी किंवा नळकांडे, आत दोन अवरक्त किरणांचे पडदे. एक्सकॉर्टेक एक्स ३२०० किंवा ई ९८०० अशा नावांनी ही मिळतात. यांना पाच ते दहा हजार रुपये धरावेत. यंत्र नळीला सरळ रेषेत बसले पाहिजे. तिरके बसले तर पहिलाच छर्रा यंत्र फोडतो. खोलीतल्या उजेडाचा यावर परिणाम होत नाही. घरच्या वापराला माझी पसंती यालाच.

दुसरी जात उघड्यावरची: तिपाईवर ठेवलेले यंत्र, वर दोन पडद्यांच्या कमानी, छर्रा त्यांमधून जातो. कॉल्डवेल, प्रोक्रोनो ही ओळखीची नावे. आयात धरून बारा ते पंचवीस हजार रुपये लागतात. हे यंत्र छर्ऱ्याची सावली पकडते, म्हणून उजेडावर त्याचे सगळे अवलंबून. ट्यूबलाइटखाली ते हमखास फसते, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. भर उन्हातही आकडे गाळले जातात. याला सगळ्यात मानवते ते ढगाळ आभाळ, आणि रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ते भरपूर असते. पावसाची उघडीप पाहून पडवीच्या कडेला यंत्र मांडावे.

तिसरी जात रडारची. एफएक्स कंपनीचे खिशात मावणारे रडार वीस ते पस्तीस हजारांच्या घरात पडते. गार्मिनचे झीरो सी १ प्रो हे २०२३ साली अमेरिकेत ६०० डॉलरना आले. आयातकर आणि जीएसटीसह ते इथे पन्नास हजारांच्या पुढे जाते. एका घराला ही चैन आहे. चार-पाच जणांनी मिळून नळकांड्याचे यंत्र घेतले, तर प्रत्येकी दीड-दोन हजारांत काम भागते.

आकडे कसे वाचायचे

दहा छर्रे मारा, दहाही आकडे वहीत लिहा. सरासरी काढा आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतला फरक पाहा. चांगल्या स्पर्धेच्या रायफलीत हा फरक तीन मीटरच्या आत राहायला हवा. स्प्रिंगच्या हौशी बंदुकीत पाच-सहा मीटरपर्यंत चालवून घ्यावा. त्याहून मोठा असेल तर दोष कुठला हे आकड्यांचा डौल सांगतो.

दहाही आकडे कमी, पण एकमेकांजवळ: स्प्रिंग थकली आहे किंवा नळी जिथे मोडते तिथले सील गळते आहे. सीलची परीक्षा फुकट होते. जोडावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून सुरक्षित दिशेला चाप ओढा. कागद उडाला तर हवा तिथूनच जाते आहे. आकडे क्रमाने घसरत जाणारे: पंपाच्या किंवा सिलिंडरच्या बंदुकीत दाब टिकत नाही. एखादाच आकडा अचानक उंच, सोबत धूर आणि जळका वास: आत तेल पेटते आहे. आकडे कसेही विखुरलेले: आधी छर्रे बदला, मग बंदूक उघडायचा विचार करा. चार वेगळ्या डब्यांतले दहा-दहा छर्रे मारून पाहायला, छर्रा एक ते चार रुपयांचा धरला तर, फार तर एकशेसाठ रुपये खर्च येतो. सगळ्या दुरुस्त्यांत स्वस्त आणि फलदायी अशी ही चाचणी आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो. नळीत किंवा सिलिंडरमध्ये खोबरेल, शिलाई मशीनचे तेल, स्वयंपाकाचे तेल असे काहीही घालू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती तापून तेल पेट घेते. वेग उसळतो, सील जळते, स्प्रिंग तुटते. खोबरेल तर चोवीस अंशांखाली गोठते, म्हणजे थंडीच्या पहाटे ते दट्ट्याभोवती चिकट होऊन बसते.

पंपाच्या बंदुकीचे वेगळे गणित

हाताने अनेक वेळा पंप मारायच्या बंदुका, क्रॉसमन किंवा बेंजामिनच्या धर्तीच्या, यांचा वेग मालकाच्या हातात असतो. यंत्र घेऊन पहिले काम करायचे ते पंपांचा तक्ता. तीन, चार, पाच असे करत कंपनीने सांगितलेल्या कमाल आकड्यापर्यंत, प्रत्येक पायरीवर पाच छर्रे.

तक्ता काय दाखवतो ते आधीच सांगता येते. समजा तीन पंपांना १२० मीटर मिळाले. सहा पंपांना २४० मिळणार नाहीत. पंप वाढवला की वाढते ती ऊर्जा, आणि वेग ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो. सगळी हवा कामी आली असे धरले तरी १७० मीटर. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण दाब चढत जातो तसा पंपाच्या तोंडाशी उरलेल्या जागेतला तोटा वाढतो. शेवटचे दोन-तीन पंप खांदा दुखवतात, सील झिजवतात आणि वेगात नाममात्र भर घालतात. तक्त्यात जिथे वाढ मंदावते तो आकडा आपला पंपांचा आकडा, आणि नेहमी तेवढेच पंप मारायचे. कमाल आकड्यापुढे तर जाऊच नये: झडपेमागचा दाब इतका होतो की हातोडीने ती पुरती उघडत नाही, हवा आतच अडकते आणि वेग उलट घटतो.

दुसरी बारकाई वेळेची. हवा दाबली की तापते आणि थांबली की निवून तिचा दाब उतरतो. एकदा पंप मारल्याबरोबर चाप ओढला आणि पुढच्या वेळी मिनिटभर नेम धरत बसलात, तर बंदुकीत काहीही दोष नसताना दोन आकडे येतील. शेवटच्या पंपानंतर तीस सेकंद, हा नियम स्वतःला लावून घ्या. नुसत्या या शिस्तीने आकड्यांतला फरक निम्म्यावर आल्याचे दिसू शकते, आणि तिला खर्च शून्य.

गळती शोधायची तर पाच पंप मारून लगेच वेग मोजा. मग पुन्हा पाच पंप मारून, छर्रा न भरता, बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी तासभर ठेवा आणि नंतर छर्रा भरून मोजा. दोन आकड्यांत लक्षणीय फरक असेल तर झडप किंवा ओ-रिंग गळते आहे. फरक नसेल पण एकूण वेगच कमी असेल, तर पंपाचा वॉशर झिजला आहे किंवा दांडा पूर्ण बसत नाही. वापर नसताना एखादा पंप भरून ठेवल्याने झडप बसलेली राहते आणि धूळ आत जात नाही. अर्थात अशी बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी.

एकाच पंपाच्या बंदुकींत, बैकालच्या आयझेडएच ४६ सारख्या स्पर्धेच्या पिस्तुलांत, ही सगळी कटकट नाही. एक दाब, एक छर्रा, आणि आकडे फार सारखे.

सिलिंडरच्या, म्हणजे पीसीपी बंदुकींना वेगळा हातपंप लागतो. तो सहा ते पंधरा हजारांचा. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाब असतो, इथे २०० बार. म्हणून इथे घरगुती प्रयोग नकोत: ओ-रिंग कंपनीचीच, वंगण सिलिकोनचे, सिलिंडरवर मुदत छापलेली असेल तर ती पाळायची, आणि ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. कोकणच्या दमट हवेत हातपंप पाणीही आत ढकलतो, आणि ते सिलिंडरला आतून गंजवते. पंपाबरोबर ओलावा टिपणारी नळी येते का ते खरेदीच्या वेळी विचारा, नसेल तर वेगळी घ्या. मध्ये थांबून पंप निवू दिला तर त्यातले सीलही टिकते. वेग मोजताना प्रत्येक छर्ऱ्यासोबत दाबमापकाचा आकडा लिहा. रेग्युलेटर नसलेल्या बंदुकीत वेग आधी चढतो, मग स्थिर राहतो, मग उतरतो. मधला स्थिर पट्टा सापडला की किती दाबापर्यंत भरायचे आणि कधी थांबायचे, दोन्ही कळते. कित्येकांना शेवटपर्यंत हवा भरायची सवय असते; तक्ता पाहिल्यावर त्यांचे श्रमही वाचतात.

दुरुस्ती कुठे आणि कितीला

बंदुकांची विक्री, दुरुस्ती आणि चाचणी हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याचा धंदा आहे. तेव्हा नाक्यावरच्या कुणा हौशी मेकॅनिकपेक्षा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा थेट उत्पादकाकडे जावे. महाराष्ट्रातच बनणारी प्रिसिहोल असेल तर सुटे भाग मिळायला सोपे. परदेशी बनावटीला एका सीलसाठीही वाट पाहावी लागते. हा फरक खरेदीच्या वेळी किमतीत धरावा.

रत्नागिरीकराला जवळचे मोठे ठिकाण कोल्हापूर. आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर, एसटीने जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात नेमबाजीची जाण आहे. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी पनवेलची सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आणि पुण्याचे बालेवाडी क्रीडा संकुल ही दुसरी ठिकाणे. अशा ठिकाणी प्रशिक्षणाला गेलात की रायफलीचा वेग तपासून घेण्याची विनंती जरूर करावी.

अंदाजपत्रकासाठी आकडे असे धरा. स्प्रिंगच्या बंदुकीची स्प्रिंग आणि सील बदलणे, मजुरीसह, आठशे ते अडीच हजार. पंपाच्या बंदुकीचे सगळे वॉशर आणि ओ-रिंग, हजार ते तीन हजार. पीसीपीचे सील, दोन ते पाच हजार. बंदूकच आठ-नऊ हजारांची असेल तर अडीच हजारांची दुरुस्ती एकदाच परवडते. दुसऱ्यांदा तो पैसा नव्या बंदुकीकडे वळवावा. वॉरंटीतली बंदूक मात्र स्वतः उघडू नका.

प्रवासात बंदूक रिकामी, बंद पेटीत, छर्रे वेगळे, सोबत बिलाची आणि ओळखपत्राची प्रत. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतात. तेव्हा घराबाहेर नेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

जागा, पावसाळा आणि बाग

चाचणीसाठी चिऱ्याची भिंत लक्ष्य म्हणून वापरू नका, छर्रा उसळून डोळ्यात येतो. आंब्याची लाकडी पेटी जुन्या कपड्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ठासून भरली, मागे पत्रा लावला, की छर्रे अडवणारी पेटी तयार. चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवा. छर्रे शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि पेटीतले शिसे मुलांपासून दूर ठेवावे.

पावसाळ्यात बंदूक फोमच्या पेटीत ठेवणे हे इथल्या गंजाचे मोठे कारण. फोम ओल धरून ठेवतो. कोरड्या फडक्याने पुसून, वरून सिलिकोनचा हात फिरवून, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी ठेवावी. शंभर रुपयांचे काम आहे, आणि नळी गंजली तर सगळे ट्यूनिंग वाया जाते.

बागायतदारांना एक विनंती. माकडांनी कलमांचे केलेले नुकसान खरे आहे आणि त्यावरचा संताप समजण्यासारखा आहे. पण एअरगनचा वेग वाढवून घेणे हा त्यावरचा उपाय नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वन्य प्राणी आणि पक्ष्यांना मारणे, जखमी करणे हा गुन्हा आहे. छर्ऱ्याने जनावर जागीच मरत नाही, जखम चिघळून दिवसेंदिवस तडफडते. नुकसानीसाठी वनविभागाकडे अर्ज करावा. बंदूक लक्ष्यापुरती ठेवावी.

शेवटी बिलाबद्दल. दुरुस्तीला देण्याआधी आपल्या वहीतले दहा आकडे दुकानदाराला दाखवा आणि दुरुस्तीनंतरचे दहा आकडे त्याच छर्ऱ्यांवर मोजून मागा. दोन्ही सरासऱ्या, छर्ऱ्याचे नाव आणि वजन बिलावर लिहून घ्या. काम न करता पैसे घेतले गेले असे दिसले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र तिथे उभे राहायचे तर हातात मोजलेले आकडे असलेले बिल हवे.